सोंग, वीर आणि नायक : नाशिक परिसरातील भूमिका धारण करण्याची परंपरा

अचाट बळाच्या नायकाचे रूप घेऊन चारचौघांत वावरण्याची हौस नाशिक जिल्ह्यात फार जुनी आहे. पश्चिमेकडच्या डोंगराळ तालुक्यांत ती बोहाड्याच्या सोंगांतून दिसते, नाशिक शहरात धुळवडीच्या वीरांतून दिसते आणि विसाव्या शतकाच्या आरंभी दादासाहेब फाळके यांनी याच भूमीवर पौराणिक नायकांना पडद्यावर आणले. पुढे चित्रकथा आणि दूरचित्रवाणी यांनी नवे महानायक घरोघरी पोहोचवले. आज ऑनलाइन खेळांत स्वतःचा महानायक घडवून त्याच्या नावाने बोलणारे आणि लढणारे खेळाडू याच हौसेची पुढची पिढी आहेत.

या सर्व प्रकारांत नवख्या माणसापुढे तेच प्रश्न उभे राहतात. भूमिका कोणाकडून मिळते, ती शिकायची कशी, पाहणाऱ्याला पात्राची ओळख कशी पटते आणि भूमिका कोठे संपते? प्रत्येक काळाने या प्रश्नांची उत्तरे आपापल्या साधनांनी दिली. ती उत्तरे क्रमाने पाहिली की ध्यानात येते, की नायक होण्याची सुरुवात एकट्याच्या कल्पनेत झाली तरी ती भूमिका उभी राहते ती तिला मान देणाऱ्या समूहामुळे.

पार्श्वभूमी

नाशिकला देव-दानवांच्या कथा दूरच्या वाटत नाहीत. वनवासातील राम, सीता आणि लक्ष्मण यांचे वास्तव्य परंपरेने पंचवटीत मानले जाते. शूर्पणखेची कथा, सीतेचे हरण आणि रामकुंडाचे माहात्म्य यांचा संबंध गोदाकाठच्या ठिकाणांशी जोडलेला आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार रंगराव ओढेकर यांनी काळाराम मंदिराची आजची काळ्या दगडातील वास्तू उभारली. जवळच्या टाकळीत समर्थ रामदासांनी तपश्चर्या केल्याची परंपरा आहे आणि तेथील मारुतीला बलोपासनेचे स्थान म्हणून मान आहे. राम, मारुती, रावण ही नावे येथे पोथीइतकीच वाटा, घाट आणि देवळे यांतून परिचयाची होतात.

महाराष्ट्रात अशा पात्रांना देह देण्याचे अनेक प्रकार नांदले. तळकोकणात दशावतार रंगला. कीर्तन-उत्सवाच्या शेवटी लळितात सोंगे येत. संत एकनाथांच्या भारुडांतून सोंगी भारुडाची परंपरा वाढली आणि बहुरूपी गावोगाव फिरून निरनिराळी रूपे दाखवत राहिले. या सर्वांत सोंग हा शब्द रूप, वेश, चाल आणि भूमिका या सगळ्यांसाठी मिळून वापरला जातो. सोंग घेतात, सोंग आणतात, सोंग नाचवतात. नाशिकच्या डोंगराळ भागात हाच शब्द बोहाड्याशी जोडलेला आहे.

बोहाडा : मुखवट्यामागची शिस्त

बोहाडा हे महाराष्ट्राच्या वायव्य भागातील आदिवासी विधिनाट्य आहे. काही ठिकाणी त्याला भोवाडा किंवा भवाडा म्हणतात, तर काही गावांत आखाडी असेही म्हटले जाते. नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी हे तालुके, पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा, आणि सीमेपलीकडे गुजरातेतील डांग या सलग डोंगरपट्ट्यात ही परंपरा आढळते. कोकणा, वारली, महादेव कोळी, ठाकूर अशा समाजांचा तिच्यात सहभाग असतो. आज या पट्ट्यातून जिल्ह्यांच्या आणि राज्यांच्या सीमा गेल्या असल्या तरी मुखवटे, वाद्ये आणि कथा यांचे नाते त्याहून जुने आहे.

बोहाड्याचा हंगाम होळीच्या सुमारास सुरू होतो आणि पावसाळ्यापूर्वी संपतो. या काळात खरिपाचे धान्य घरात आलेले असते, शेतीची कामे थांबलेली असतात आणि पुढच्या पेरणीला अवकाश असतो. गावे आपापल्या सोयीने दिवस ठरवतात, त्यामुळे एका गावचा बोहाडा पाहून लोक पुढच्या गावी जाऊ शकतात. कोठे तो तीन रात्री चालतो, कोठे पाच, कोठे सात. गावदेवीला प्रसन्न करावे, रोगराई टळावी, पाऊसपाणी नीट व्हावे हा त्यामागचा भाव असतो. करमणूक आणि उपासना येथे एकाच रात्रीत एकत्र नांदतात.

खेळाला वेगळे रंगमंदिर लागत नाही. गावातील देवळापुढची मोकळी जागा किंवा रुंद गल्ली पुरते. दोन्ही बाजूंना लोक बसतात आणि मधल्या लांबट पट्ट्यात सोंग पुढे-मागे नाचत येते. पूर्वी टेंभ्यांचा उजेड असे, पुढे पेट्रोमॅक्सच्या बत्त्या आल्या आणि आता विजेचे दिवे असतात. संबळ आणि पिपाणी किंवा सनई ही मुख्य वाद्ये. मुखवटा बांधलेले पात्र सहसा फार बोलत नाही. कथा पुढे नेण्याचे काम गाणारे, वाजवणारे आणि सूत्रधार करतात, तर पात्राचा स्वभाव त्याच्या पावलांतून, मानेच्या हालचालींतून आणि हातातील शस्त्रातून प्रकट होतो.

पात्रांचा क्रम ठरलेला असतो. आरंभी गणपती येतो, मग सरस्वती. त्यानंतर राम, लक्ष्मण, रावण, कुंभकर्ण, त्राटिका, भीम, बकासुर, हिडिंबा, नरसिंह, हिरण्यकश्यपू, मारुती, खंडेराव, वेताळ अशी सोंगे गावाच्या रीतीप्रमाणे येत राहतात. रामायण, महाभारत आणि पुराणे यांतील पात्रांच्या शेजारी स्थानिक देवही उभे राहतात. अनेक गावांत अखेरचा मान देवी आणि महिषासुर यांच्या युद्धाचा असतो. ते पहाटेच्या सुमारास होते आणि असुराच्या वधाबरोबर रात्रीचा खेळ पूर्ण होतो.

मुखवटे लाकडाचे कोरलेले असतात किंवा कागदाच्या लगद्याचे घडवलेले असतात. त्यांवर तेजस्वी रंग चढवतात, डोळे मोठे ठेवतात, मुकुट आणि दागिने रंगवतात. दहा तोंडांच्या रावणाचा मुखवटा इतका रुंद असतो की तो अंगावर बांधून तोलणे हेच एक कसब ठरते. मुखवट्यातून दिसण्यासाठी ठेवलेल्या फटी लहान असतात. नाचणाऱ्याला बाजूचे फारसे दिसत नाही, म्हणून एखादा माणूस त्याच्याबरोबर चालतो, वाट दाखवतो, गर्दी मागे सारतो आणि थकल्यावर आधार देतो. बलाढ्य राक्षसाच्या शेजारी चालणारा हा साधा माणूस बोहाड्यातील व्यवस्थेचा महत्त्वाचा भाग आहे.

पुष्कळ गावांत सोंग घराण्याकडे असते. अमुक घराने नरसिंह नाचवायचा, तमुक घराने महिषासुर, असा मान पिढ्यान् पिढ्या चालतो आणि मुखवटाही त्याच घरात किंवा देवळात जपून ठेवला जातो. नवख्याचे शिक्षण त्यामुळे लहानपणीच सुरू होते. मूल आधी प्रेक्षकांत बसून पाहते, मग सोंगाच्या मागे-पुढे नाचते, संबळाच्या कोणत्या ठेक्यावर कोणते पात्र येते ते कानाने ओळखू लागते. वडील किंवा काका थकले की मुखवटा पुढच्या पिढीच्या तोंडावर चढतो. तोवर ताल अंगात मुरलेला असतो. येथे वेगळी तालीम असलीच तर ती थोडकी, खरी शाळा म्हणजे आधी पाहिलेल्या रात्री.

मुखवटा बांधण्यापूर्वी त्याची पूजा होते. नारळ फोडला जातो. नवस फेडण्यासाठीही लोक सोंग घेतात. मुखवटा चढल्यावर शेजारचा ओळखीचा माणूस देव मानला जातो आणि लोक त्याच्या पाया पडतात. असुराच्या सोंगालाही अशीच पूजा मिळते, कारण त्याच्याशिवाय कथा पूर्ण होत नाही. स्त्रीपात्रे परंपरेने पुरुषच करतात. मुखवटा उतरला की तो माणूस पुन्हा शेतकरी, मजूर किंवा गुराखी होतो. रात्रीचा रावण सकाळी कोणाचा वैरी राहत नाही. भूमिकेचा आरंभ पूजेने आणि शेवट मुखवटा उतरवण्याने होतो. ही हद्द सर्व गावाला ठाऊक असल्यामुळेच नाचणाऱ्याला मधल्या वेळात पूर्ण मोकळीक मिळते.

नाशिक शहरातील वीर

डोंगरातील बोहाड्याचा मान पुराणातील पात्रांना असतो, तर नाशिक शहरातील धुळवडीचा मान घरातील वीरांना असतो. अनेक कुटुंबांच्या देवघरात पूर्वजाचा टाक, म्हणजे धातूच्या पत्र्यावर उमटवलेली प्रतिमा, असतो. लढाईत पडलेला, अकाली गेलेला किंवा पराक्रमामुळे स्मरणात राहिलेला पूर्वज वीर म्हणून पूजला जातो. होळीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे फाल्गुन वद्य प्रतिपदेला, हा टाक बाहेर काढतात. तो खोबऱ्याच्या वाटीत ठेवून वस्त्रात बांधतात आणि घरातील पुरुष किंवा मुलगा तो हातात घेऊन वाद्यांच्या तालावर नाचत निघतो. होळीभोवती फेरी होते, मग गोदाकाठी रामकुंडावर वीराला स्नान घालतात आणि मिरवणूक घरी परतते.

या दिवशी लहान मुलांना वीर म्हणून सजवण्याची रीत आहे. राम, कृष्ण, शंकर, मारुती, खंडोबा यांच्या शेजारी छत्रपती शिवाजी महाराज आणि मावळेही मिरवणुकीत दिसतात. अनेक नाशिककरांचा नायकाच्या वेशातील पहिला अनुभव याच दिवसाचा असतो. वेश घरी शिवला जातो किंवा भाड्याने आणला जातो, शस्त्र लाकडाचे किंवा पुठ्ठ्याचे असते. पण मुलाला नेमून दिलेले काम खरे असते. घराण्याचा वीर त्याच्या हातात असतो आणि तो घाटापर्यंत सुखरूप नेऊन परत आणायचा असतो. वयाने लहान मुलाला मोठी माणसे वाट देतात, ती त्या वीराच्या मानामुळे.

शहरातील सर्वांत मानाचा वीर म्हणजे दाजीबा. त्याला बाशिंगे वीर असेही म्हणतात. आख्यायिकेनुसार दाजीबा हा लग्न ठरलेला, अंगाला हळद लागलेला तरुण होता. विवाहापूर्वीच त्याच्यावर हल्ला झाला आणि त्याला मरण आले. त्याची स्मृती म्हणून दाजीबाची भूमिका घेणारा पुरुष नवरदेवाच्या साजात निघतो. कपाळावर मोठे बाशिंग, अंगावर भरजरी पोशाख आणि दागिने, हळदीचा रंग आणि पुढे वाजंत्री अशा थाटात तो जुन्या नाशकातील गल्ल्यांमधून गोदाकाठाकडे जातो. ठिकठिकाणी स्त्रिया त्याला ओवाळतात, नवस बोलतात, बोललेले फेडतात. ही मिरवणूक सुमारे तीनशे वर्षे चालत आल्याचे शहरात सांगितले जाते. दाजीबाचे रूप घेण्याचा मान ठरलेल्या घराण्याकडे असतो.

बोहाड्यात ओळख मुखवट्याने पटते, दाजीबाची ओळख बाशिंगाने पटते. चेहरा उघडा असूनही लोक त्या दिवशी बाशिंगाखालच्या माणसाला त्याच्या नावाने हाक मारत नाहीत. भूमिका धारण करणाऱ्याने मोठे संवाद म्हणण्याची गरज नसते. त्याने ठरलेल्या वाटेने जावे, ठरलेल्या ठिकाणी थांबावे, ओवाळणी स्वीकारावी आणि रामकुंडावर विधी पुरा करावा एवढीच अपेक्षा असते. कथेतील अपुरे राहिलेले लग्न दरवर्षी शहराच्या साक्षीने मिरवते, म्हणून पाहणारे लोकही त्या प्रसंगात वऱ्हाडी होतात.

फाळके : पडद्यावरचे पहिले नायक

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहताना राम आणि कृष्ण यांनाही असेच पडद्यावर आणता येईल हा विचार त्यांच्या मनात आला. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला. त्याच वर्षी त्यांनी आपले काम नाशिकला हलवले. ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’, ‘लंका दहन’, ‘श्रीकृष्ण जन्म’ आणि ‘कालिया मर्दन’ हे त्यानंतरचे चित्रपट. १९१८ मध्ये नाशिक येथे हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी सुरू झाली.

फाळक्यांपुढचा प्रश्न बोहाड्यातील गावकऱ्यांहून वेगळा होता. पडद्यावर पात्र जवळून दिसते, आणि ते मूक असल्याने चेहऱ्यालाच बोलावे लागते. मुखवट्याची सोय येथे नव्हती. शिवाय हे माध्यमच इतके नवे होते की भूमिका करणाऱ्याने ती कोणाकडे पाहून शिकावी असा आधी झालेला नमुना नव्हता. फाळके स्वतः प्रत्येक हावभाव करून दाखवत आणि नटांकडून तो घोटून घेत. नाशिकच्या कंपनीत नट, कारागीर आणि कामगार एखाद्या एकत्र कुटुंबासारखे राहत. घराण्याकडून मिळणारे शिक्षण येथे कंपनीच्या सहवासातून मिळू लागले.

स्त्रीभूमिकेसाठी स्त्रिया मिळत नसल्याने ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीची भूमिका अण्णा साळुंके यांनी केली. मुंबईतील एका उपाहारगृहात स्वयंपाकाचे काम करणाऱ्या या तरुणाला फाळक्यांनी निवडले होते. पुढे १९१७ च्या ‘लंका दहन’मध्ये साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. पडद्यावर राम आला की प्रेक्षक पायातली पादत्राणे काढून ठेवत, असे वर्णन आले आहे. बोहाड्यात मुखवट्याला आणि धुळवडीला बाशिंगाला जो मान मिळतो, तोच येथे प्रकाशात उमटलेल्या प्रतिमेला मिळाला. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये मात्र दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी काम केले आणि मराठी स्त्रियांसाठी पडद्याची वाट उघडली.

भूमिकेत शिरण्याचा क्षणच प्रेक्षकांना दाखवणारा चित्रपट म्हणजे १९१९ चा ‘कालिया मर्दन’. त्यात बालकृष्णाची भूमिका फाळक्यांची कन्या मंदाकिनी हिने केली. तेव्हा ती सात वर्षांची होती. चित्रपटाच्या आरंभी ती तिच्या नेहमीच्या रूपात दिसते आणि कॅमेऱ्यासमोर निरनिराळे भाव चेहऱ्यावर आणून दाखवते. मग त्याच चौकटीत तिचे रूप पालटून कृष्णाचे होते. आधी मुलगी पाहा, तिचे कसब पाहा आणि मग तिला कृष्ण माना, असा हा क्रम आहे. सुदैवाने या चित्रपटाचा मोठा भाग आजही उपलब्ध आहे, त्यामुळे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका लहान मुलीने अचाट पराक्रमी पात्रात केलेला प्रवेश प्रत्यक्ष पाहता येतो. कालियाच्या डोहातील युद्ध रंगवण्यासाठी फाळक्यांनी छायाचित्रणातील करामती वापरल्या. नायकाच्या अलौकिक बळाला दृश्य रूप देण्याचे तंत्र नाशिकमध्ये असे घडत गेले. फाळके यांचे निधन १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथेच झाले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे.

चित्रकथा आणि दूरचित्रवाणी

अमेरिकेत १९३८ मध्ये सुपरमॅन अवतरला आणि महानायकांच्या चित्रकथांचा काळ सुरू झाला. त्याआधी, १९३६ मध्ये, ली फॉक यांनी फँटम हा मुखवटाधारी नायक निर्माण केला होता. भारतात १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडिया समूहाने इंद्रजाल कॉमिक्स सुरू केली. तिच्या मराठी आवृत्तीत फँटमला वेताळ हे नाव मिळाले. बोहाड्यात हातात आग घेऊन येणारा वेताळ मराठी वाचकाला आधीपासून ठाऊक होता, आता त्याच नावाचा परदेशी नायक त्याला चित्रकथेच्या पानांवर भेटला. फँटमच्या कथेत मुखवटा बापाकडून मुलाकडे जातो आणि जगाला मात्र तोच एक अमर नायक वाटत राहतो. घराण्यातून चालणाऱ्या सोंगाची रीत पाहिलेल्या वाचकाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नव्हते. १९६७ मध्ये अनंत पै यांनी अमर चित्र कथा सुरू केली आणि पुराणातील व इतिहासातील नायकही याच स्वरूपात मुलांच्या हाती आले.

दूरदर्शनवर १९८७-८८ मध्ये ‘रामायण’ आणि त्यापाठोपाठ ‘महाभारत’ या मालिका गाजल्या. सप्टेंबर १९९७ मध्ये ‘शक्तिमान’ सुरू झाली. ‘महाभारत’मध्ये भीष्म झालेले मुकेश खन्ना येथे शक्तिमान झाले. कथेत तो एरवी गंगाधर नावाचा साधा छायाचित्रकार असतो आणि गरज पडताच रूप पालटतो. मुलांच्या खेळात गिरकी घेऊन शक्तिमान होणे लगेच रूढ झाले. भागाच्या अखेरीस नायक मुलांशी बोलून चांगल्या सवयी सांगे आणि त्याच्या करामतींची नक्कल करू नये असेही बजावे. ज्या खेळात मुखवटा उतरवण्याचा ठरलेला क्षण नाही, तेथे भूमिकेची हद्द शब्दांत सांगावी लागते, हे या उपदेशातून दिसते.

ऑनलाइन खेळांतील महानायक

भूमिका घेऊन खेळायच्या आधुनिक खेळांची सुरुवात टेबलाभोवती झाली. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाला. प्रत्येक खेळाडूने एक पात्र घडवायचे, एकाने सूत्रधार होऊन प्रसंग सांगायचा आणि फाशांच्या साहाय्याने निकाल ठरवायचा, असे त्याचे स्वरूप आहे. महानायकांचे असे खेळ लवकरच आले. १९७९ चा ‘व्हिलन्स अँड व्हिजिलांटीज’ आणि १९८१ चा ‘चॅम्पियन्स’ हे त्यांतील प्रमुख. ‘चॅम्पियन्स’मध्ये खेळाडूला ठरावीक गुण मिळतात आणि त्यांतून तो आपल्या पात्राच्या शक्ती विकत घेतो. पात्राला उणिवा, शत्रू किंवा जबाबदाऱ्या जोडल्या तर जादा गुण मिळतात. दुबळी बाजू नसलेला नायक कथेत रंगत नाही, हे तत्त्व येथे नियमातच बांधले आहे.

संगणकाच्या जाळ्यावर अनेकांनी एकत्र भूमिका घेण्याची सोय १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात झाली. रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी घडवलेला हा खेळ केवळ शब्दांचा होता. पुढे चित्रमय जगे आली आणि २८ एप्रिल २००४ रोजी ‘सिटी ऑफ हीरोज’ सुरू झाला. महानायकांची भूमिका घेणाऱ्यांसाठी हा खेळ महत्त्वाचा ठरला, कारण त्यात तयार नायक निवडायचा नव्हता. खेळाडूने प्रथम शक्तीचा उगम ठरवायचा : निसर्गदत्त सामर्थ्य, जादू, विज्ञान, जनुकीय बदल किंवा यंत्रविद्या. मग लढण्याचा प्रकार निवडायचा, शक्ती घ्यायच्या, शरीर आणि पोशाख घडवायचा, नाव द्यायचे, युद्धघोष लिहायचा आणि शेवटी पात्राची पूर्वकथा नोंदवायची. खेळाचा पहिला बराच वेळ पोशाखाच्या पडद्यावरच खर्च करणारे खेळाडू पुष्कळ होते.

या खेळात उडण्याची शक्ती सुरुवातीला मिळत नसे, ती चौदाव्या पातळीवर मिळे. खांद्यावरचा झगा मिळण्यासाठी विसाव्या पातळीवर पोहोचून एक कामगिरी पार पाडावी लागे आणि ती कामगिरी बलिदान दिलेल्या एका नायकाच्या स्मरणाशी जोडलेली होती. २०११ मध्ये आलेल्या ‘डीसी युनिव्हर्स ऑनलाइन’मध्ये नवख्याला सुपरमॅन, बॅटमॅन, वंडर वुमन यांच्यापैकी कोणाला तरी गुरू करता येते. खलनायक व्हायचे असेल तर जोकर, लेक्स लुथर किंवा सर्सी यांच्याकडे जाता येते. वेश आधी आणि मान नंतर, हा क्रम या खेळांतही टिकून आहे.

पात्र तयार झाले म्हणजे भूमिका सुरू झाली असे होत नाही. भूमिका घेणाऱ्या खेळाडूंनी काही संकेत आपसांत रूढ केले आहेत. पात्राच्या तोंडचे वाक्य साधे लिहायचे, खेळाडूला स्वतःचे काही सांगायचे असेल तर ते दुहेरी कंसात लिहायचे. दुसऱ्याच्या पात्राने काय केले हे आपण ठरवायचे नाही, आपण वार केला एवढेच सांगायचे आणि तो लागला की चुकला हे समोरच्याला लिहू द्यायचे. समोरच्या पात्राचे गुपित खेळाडूला ठाऊक असले तरी आपल्या पात्राला ते ठाऊक आहे असे वागायचे नाही. नवख्याने आरंभी पूर्वकथा मोजकी ठेवावी, एक स्पष्ट शक्ती आणि एक स्पष्ट उणीव ठरवावी, काही काळ इतरांचे संवाद पाहावेत आणि मग लहान प्रसंगातून शिरावे, हा मार्ग सोयीचा ठरतो. पात्र पृथ्वीवरचे सर्वांत बलवान आहे असे आरंभीच जाहीर केले तर इतरांना करायला काही उरत नाही आणि कोणी सोबत खेळत नाही.

यातील बरेचसे बोहाड्यातल्या शिस्तीशी मिळते. आधी पाहणे, मग ताल ओळखणे, मग आत येणे हा क्रम दोन्हीकडे आहे. असुर होणाऱ्याने ठरल्या वेळी पडायचे असते, कारण त्याच्या पडण्यावर देवीचा विजय उभा असतो. ऑनलाइन खेळातही चांगला खलनायक तोच, जो हरण्याची तयारी ठेवून समोरच्या नायकाला उभे राहण्याची जागा देतो. फरकही मोठे आहेत. बोहाड्यात सोंग घराण्याचे आणि गावाचे असते, खेळाडू ते नव्याने रचत नाही. ऑनलाइन पात्र खेळाडूच्या मनातून येते, पण त्याचे जग कंपनीच्या मालकीचे असते. ‘सिटी ऑफ हीरोज’ ३० नोव्हेंबर २०१२ रोजी कंपनीने बंद केला. त्याआधी सप्टेंबरमध्ये हजारो खेळाडूंची पात्रे खेळातील शहराच्या चौकात मशाली घेऊन जमली आणि खेळ चालू ठेवण्याची मागणी केली. खेळ तेव्हा वाचला नाही. पुढे चाहत्यांनी तो स्वतंत्रपणे चालवला आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यांच्यातील एका गटाला मूळ कंपनीकडून रीतसर परवाना मिळाला.

परंपरेची आजची स्थिती

बोहाड्यापुढे आज अडचणी आहेत. उन्हाळ्यात रोजगारासाठी डोंगरातील कुटुंबे नाशिक, मुंबई आणि द्राक्षबागांच्या पट्ट्याकडे जातात. रात्रभर चालणाऱ्या खेळासाठी वाजवणारे, नाचणारे आणि मुखवटे दुरुस्त करणारे हात एकत्र मिळणे कठीण होते. कोरीव मुखवट्यांना शोभेच्या वस्तू म्हणून शहरांत मागणी आहे, त्यामुळे कारागिरांना काम मिळते, पण भिंतीवर लागलेला मुखवटा नाचत नाही. तरीही अनेक गावांत बोहाडा टिकून आहे, कारण गावदेवीचा विधी म्हणून तो टाळता येत नाही आणि बाहेर गेलेले लोक त्यासाठी परततात. नाशिकचे वीरही दर धुळवडीला निघतात. शहर वाढले, वाडे जाऊन इमारती आल्या, तरी टाक असलेली कुटुंबे उपनगरांतून जुन्या नाशकात येतात.

या परंपरांचे जतन करताना मुखवटे आणि पोशाख यांच्याइतकेच भूमिका सोपवण्याच्या रीतींकडे लक्ष देणे अगत्याचे आहे. कोणत्या घराकडे कोणते सोंग आहे, कोणत्या पात्राला कोणता ठेका आहे, सोबत चालणाऱ्याने काय करायचे, मुखवटा कोणी बांधायचा आणि कोणी उतरवायचा, ही माहिती जाणत्या माणसांच्या स्मरणात आहे. ती ध्वनी आणि चित्र यांसह गावाच्या संमतीने नोंदवली गेली तर पुढच्या पिढीला केवळ वस्तू न मिळता कृती मिळेल. खेळांची पात्रे रचणाऱ्या मराठी तरुणांनाही त्यातून मोठा ठेवा लाभेल. नरसिंह, महिषासुर, वेताळ आणि दाजीबा यांच्यामागे शक्ती, उणीव, पूर्वकथा आणि अंत यांची मांडणी अनेक पिढ्यांनी घडवली आहे, आणि ती शिकवू शकणारी माणसे सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर आणि जुने नाशिक येथे आजही आहेत.